अर्ज पाठवण्याआधी जुन्या पोस्ट एकदम झाका

नोकरी देणारे बरेचदा आधी नाव गुगलवर शोधतात आणि रागाच्या भरात लिहिलेली जुनी पोस्ट नेमकी समोर येते. एकेक पोस्ट शोधत बसू नका.

१. ब्राउझरच्या इन्कॉग्निटो (खासगी) विंडोत, लॉग-इन न करता, स्वतःचं नाव अवतरणचिन्हांत टाकून शोधा. फोटोही बघा.

२. फेसबुकच्या सेटिंग्जमध्ये 'लिमिट पास्ट पोस्ट्स' निवडा. तुमच्या सार्वजनिक जुन्या पोस्ट एकाच वेळी फक्त मित्रांपुरत्या होतात.

३. दुसऱ्यांच्या सार्वजनिक पानांवरच्या तुमच्या कमेंट यात झाकल्या जात नाहीत, आणि खरी अडचण बहुधा तिथेच असते. ॲक्टिव्हिटी लॉगमधून (फेसबुकवर तुम्ही केलेल्या गोष्टींची नोंद) त्या शोधून डिलीट करा.

सावधान: दुसऱ्या पायरीतला बदल एकगठ्ठा उलटवता येत नाही. ज्या पोस्ट सार्वजनिक ठेवायच्या आहेत, त्या नंतर एकेक करून पुन्हा उघडाव्या लागतील.