सातबाऱ्यावर नुसतं नाव बघू नका, शेजारचा फेरफार नंबर पण वाचा

आपल्याकडे बहुतेक लोक सातबारा हातात आला की आपलं नाव आहे ना एवढं बघतात आणि घडी घालून फाईलला लावतात. आमच्या घरी पण तेच चालायचं, आणि आजोबा गेल्यावर फक्त काकांची आणि वडिलांची नावं लागली, आत्याचं लागलंच नाही, हे कितीतरी वर्षांनी मी जुना फेरफार, म्हणजे नावं कशी लागली त्याची नोंद, काढला तेव्हा कळलं. म्हणून सांगतो, एकदा बसून नीट वाचा.

पहिलं काम, उतारा काढा. महाभूलेखच्या साईटवर जिल्हा, तालुका, गाव आणि गट नंबर टाकला की फुकट बघता येतो, पण तो फक्त माहितीसाठी असतो. बँकेत किंवा सरकारी कामाला डिजिटल सहीचा लागतो, तो 15 रुपयात ऑनलाईन मिळतो. आणि जमीन विकत घेत असाल तर समोरच्याने दिलेल्या झेरॉक्सवर कधीच विसंबू नका, स्वतः ताजा काढा.

आता वाचायला घ्या. सातबारा म्हणजे दोन नमुने, वर गाव नमुना 7, त्यात मालकी आणि हक्क, आणि खाली नमुना 12, त्यात पिकं. सगळ्यात वर भूधारणा पद्धती लिहिलेली असते. भोगवटादार वर्ग 1 असेल तर विकायला सहसा अडचण नाही, वर्ग 2 असेल तर सरकारी परवानगीशिवाय व्यवहार होत नाही, त्यामुळे वर्ग 2 दिसला की इसार द्यायच्या आधी थांबा.

मग क्षेत्र. ते हेक्टर, आर, चौरस मीटर असं असतं. 100 आर म्हणजे एक हेक्टर, आणि एक आर म्हणजे जवळपास एक गुंठा, 40 गुंठ्यांचा एकर. म्हणजे 0.80.00 लिहिलंय तर ते दोन एकरला थोडंसं कमी. पोटखराब वेगळा दाखवतात, तो लागवडीला न येणारा भाग, भाव ठरवताना तो पण बघा.

आता मुख्य गोष्ट. प्रत्येक नावाच्या ओळीत एक फेरफार नंबर असतो. ते नाव तिथे कसं आलं, खरेदीने, वारसाने, वाटपाने की बक्षीसपत्राने, हे सगळं त्या नंबरच्या फेरफारात, म्हणजे नमुना 6 मध्ये लिहिलेलं असतं. तो काढा, मग त्याच्या आधीचा काढा, असं जमेल तितकं मागे जा. वारसाच्या फेरफारात सगळ्या मुलामुलींची नावं आहेत का ते मोजा, बहिणींची नावं इथेच गळतात. नाव गळलं म्हणजे हक्क गेला असं नाही, कारण सातबारा हा मुळात महसुलाचा कागद आहे, त्यावरची नोंद खरी धरतात पण उलट सिद्ध होईपर्यंतच. लेखनातली चूक असेल तर तहसीलदाराकडे महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम 155 खाली अर्ज करता येतो, वारसच सुटला असेल तर मात्र वकिलाला दाखवा.

उजवीकडचा इतर हक्काचा रकाना तर सोडूच नका. सोसायटीच्या किंवा बँकेच्या कर्जाचा बोजा, कुळाचं नाव, विहिरीतला हिस्सा, कोर्टातला दावा, असलं सगळं तिथे येतं. कर्ज फेडलं असलं तरी बोजा आपोआप उतरेलच असं धरू नका, बँकेचा दाखला घेऊन तलाठ्याकडे अर्ज द्या.

खाली प्रलंबित फेरफार अशी ओळ असते. तिथे 'नाही' असेल तर ठीक, 'आहे' असेल तर कुणीतरी नोंदीसाठी अर्ज केलाय. आपली चावडी या साईटवर त्याची नोटीस दिसते आणि हरकत घ्यायला साधारण 15 दिवस असतात, म्हणून गावाबाहेर राहणाऱ्यांनी दर महिन्याला एकदा तरी तिथे आपला गट नंबर बघत जा.