टूर खेळाडूचा वेज घडवताना या चुका टाळा

गोल्फमध्ये जवळचे, उंच शॉट मारायच्या काठीला वेज म्हणतात. त्याच्या हेडवर, म्हणजे खालच्या पोलादी भागावर, बहुतेक वेळा दोन आकडे कोरलेले असतात. समजा ६० आणि ८. पहिला लॉफ्ट, म्हणजे फेस (बॉलला लागणारी बाजू) किती अंश मागे कललेला आहे ते. दुसरा बाउन्स, म्हणजे सोल (हेडचा तळ) पुढच्या कडेपासून मागे किती अंशांनी खाली उतरतो ते. नव्या कारागिराची निम्मी डोकेदुखी या दुसऱ्या आकड्यावर डोळे मिटून विश्वास ठेवल्यामुळे सुरू होते. टूरवर, म्हणजे व्यावसायिक स्पर्धांत, खेळणारा माणूस आकडा मागायला येत नाही. तो सांगतो, "बारीक कापलेल्या गवतावर हा रुततो," नाहीतर "फेस उघडला की पुढची कड वर येते." (फेस उघडणं म्हणजे तो आकाशाकडे फिरवणं.) या तक्रारीवरचा इलाज आपल्याला पोलादात करायचा असतो, आणि एकदा घासून काढलेलं पोलाद परत जोडता येत नाही.

बाउन्सच्या आकड्याला भुलणं

८ अंश बाउन्सचे दोन वेज घ्या. एकाचा सोल रुंद आणि भरीव आहे. दुसऱ्याचा अरुंद आहे, हीलकडचा (दांड्याच्या बाजूचा) आणि मागच्या कडेचा भाग तासलेला आहे. कागदावर दोघं सारखे, गवतात मात्र दोघं अगदी वेगळे वागतात. सोलची रुंदी, त्याची गोलाई आणि कुठला कोपरा काढलाय, यावर खरा बाउन्स ठरतो. फेस उघडला की तो वाढतो, हात बॉलच्या पुढे गेले की कमी होतो. म्हणून खेळाडू आला की त्याचा सध्याचा वेज आधी मागून घ्या आणि उलटा करून बघा.

प्लेटिंग (क्रोमचा मुलामा) नसलेल्या हेडवर सगळी हकिकत लिहिलेली असते. जिथे जमीन लागते तिथे पोलाद चकचकीत होतं, बाकीच्या भागावर गंजाची तपकिरी झाक राहते. चकाकी पुढच्या कडेला चिकटून असेल तर खेळाडू हात पुढे दाबून मारतो. त्याला तिथे थोडी गोलाई आणि जास्त बाउन्स लागेल. ती हील आणि मागच्या कडेच्या कोपऱ्यात असेल तर तो फेस उघडून, हात खाली ठेवून खेळतो, आणि तोच कोपरा त्याला नडतोय. क्रोम असल्यामुळे खूण दिसत नसेल तर सोलवर मार्करने आडव्या रेघा मारा आणि घट्ट गवतावरून दहा बॉल मारायला सांगा. शाई कुठे पुसली गेली ते बघा. ही चाचणी वाळूत करू नका. वाळू सगळ्याच रेघा पुसून टाकते.

एका दमात घासणं

माझा सुरुवातीचा एक वेज अजून कपाटात आहे. हीलचा कोपरा काढायचा होता. घासायचा बेल्ट नवा होता, हातात जोर होता, काम एका दमात उरकलं. सोल देखणा दिसत होता. खेळाडूने तो जमिनीवर ठेवला, वरून एक नजर टाकली आणि एकही बॉल न मारता परत दिला. हीलजवळ पुढच्या कडेला तांदळाच्या दाण्याएवढा पोक आला होता. मी सोल बघत होतो. तो मात्र बॉलमागे उभा राहिल्यावर जे दिसतं ते बघत होता.

तेव्हापासून क्रम ठरलेला आहे. सोलवर शाई फासायची, काढायच्या भागाची हद्द आखायची आणि हलक्या हाताने तीन-चार फेऱ्यांत त्या रेघेपर्यंत जायचं. प्रत्येक फेरीनंतर हेड पाण्यात बुडवायचं. अंगठ्याला चटका सोसेना म्हणजे थांबायची वेळ आधीच टळून गेलेली असते. गुळगुळीत झालेला बेल्ट कापत कमी आणि तापवत जास्त, त्यामुळे बेल्ट बदलताना चिकटपणा करू नका. मध्येमध्ये हेड सपाट प्लेटवर ठेवायचं, एकदा फेस सरळ आणि एकदा उघडा, आणि प्रत्येक वेळी वरून बघायचं. खेळाडू जवळ असेल तर टप्प्याटप्प्याने मारून बघू द्या. तो दूर असेल तर थोडं मटेरियल मुद्दाम शिल्लक ठेवा.

हील काढल्यावर आणखी एक फसगत होते. हेड जमिनीवर वेगळं टेकायला लागतं आणि लाय (दांडा जमिनीशी करतो तो कोन) बदलल्यासारखा वाटतो. प्रत्यक्षात तो बदललेला नसतो. लाय मोजायचा तो फेसवरच्या खाचांच्या रेषेवरून. सोल कसा टेकतो त्यावरून मोजलात तर चांगला वेज विनाकारण वाकवून बसाल.

क्रोमचं हेड थेट बेल्टला लावू नका. मुळात प्लेटिंग न केलेलंच हेड मागवा. मास्क हवाच. सैल हातमोजे बेल्टजवळ नकोत.

वजनाचा हिशेब शेवटी करणं

सोल तासताना ६ ग्रॅम सहज निघून जातात. हेडचे साधारण २ ग्रॅम म्हणजे स्विंगवेटचा (फिरवताना हेड किती जड वाटतं त्या मापाचा) एक पॉइंट, म्हणजे तीन पॉइंट गेले. त्यात खेळाडूला शाफ्ट (दांडा) अर्धा इंच आखूड हवा असेल तर आणखी जवळपास तीन जातात. त्या मापावर डी-५ धरून निघालेला वेज सहा पॉइंट उतरून सी-९ वर येतो. मग धावपळ सुरू होते आणि होझलमध्ये (हेडच्या ज्या नळीत शाफ्ट बसतो तिथे) १२ ग्रॅमचं वजन कोंबलं जातं. काट्यावर आकडा बरोबर येतो, पण गुरुत्वमध्य हीलकडे सरकलेला असतो. खेळाडूला ग्रॅम कळत नाहीत, पण हेड हातात मेल्यासारखं वाटतंय हे त्याला पहिल्याच शॉटला कळतं.

उपाय साधा आहे. किती घासायचंय त्याचा अंदाज बांधून जड हेड निवडा. थोडं जास्त उरलं तर हेडच्या मागच्या बाजूला उथळ भोकं पाडून ते काढता येतं. भोक आरपार मात्र जाता कामा नये, वेजच्या हेडला नियमात ते चालत नाही. कमी पडलं तर शिशाची टेप आहेच. तीही राउंडच्या आधीच लावायची. राउंड सुरू झाल्यावर टेप लावताही येत नाही आणि काढताही येत नाही. ग्रिपचं वजनही आधी विचारून ठेवा. ४-५ ग्रॅम जड ग्रिप चढवली की काट्यावरचा एक पॉइंट गायब होतो, आणि दोष मात्र हेडवर येतो.

आधी घासून मग वाकवणं

लॉफ्ट एक अंश कमी केला की बाउन्सही एक अंश कमी होतो आणि ऑफसेट (पुढची कड शाफ्टच्या जेवढी मागे असते ते अंतर) किंचित वाढतो. लॉफ्ट वाढवला तर याच्या उलट. ६० अंशांचा, ८ बाउन्सचा वेज ५८ वर आणलात तर हातात ६ बाउन्सचा वेज येतो. सोल मनासारखा झाल्यावर "जरा दोन अंश दाबून द्या" असं सांगितलं तर सगळी मेहनत पाण्यात. म्हणून आधी लॉफ्ट आणि लाय पक्के करा, मग बेल्टकडे वळा. लाय सैलपणे घेऊ नका. लॉफ्ट जितका जास्त, तितका लायमधला छोटासा फरकही दिशेत मोठा दिसतो.

लाडक्या वेजची कागदावरून नक्कल

ही चूक अनुभवी माणसंही करतात. खेळाडू म्हणतो, "असाच अजून एक द्या." आपण जुनी नोंद काढतो, तेच हेड, तोच लॉफ्ट, तोच ग्राइंड (सोल तासायची तऱ्हा), आणि नवा वेज त्याच्या हातात देतो. तो चार बॉल मारून मान हलवतो. त्याचं बरोबर असतं. त्याच्या हातातला वेज आता नोंदवहीतला राहिलेला नाही. हजारो शॉटनी पुढची कड गोल झालीय, सोलचा मधला भाग बसलाय, सरावाच्या वाळूने दोन-तीन ग्रॅम खाल्लेत, आणि प्रवासात आपटून लॉफ्टही हललेला असू शकतो.

तेव्हा नक्कल नोंदीची करू नका, हातातल्या वस्तूची करा. लॉफ्ट, लाय आणि वजन नव्याने मोजा. प्रोफाइल गेजने सोलचा आकार तीन जागी घ्या: हीलजवळ, मधोमध आणि टोजवळ (हीलच्या विरुद्ध टोकाला). तो पुठ्ठ्यावर उतरवून कापून ठेवा. घासताना हे कापलेले पुठ्ठे सोलला लावून उजेडाकडे धरायचे. जिथून उजेड दिसतो तिथे पोलाद आधीच कमी झालंय, पुठ्ठा जिथे टेकतो तिथे अजून काढायचंय. शिवाय खेळाडूला वेज आवडला त्याच आठवड्यात ही मापं घेऊन ठेवली तर पुढचे बॅकअप वेज फार सोपे जातात. एक फरक कायम राहील: नव्या खाचा जास्त पकड घेतात. त्याची कल्पना आधी द्या, नाहीतर तो स्पिनचा दोष सोलच्या माथी मारेल.

खाचांशी खेळणं

खाचांचे आजचे नियम मोठ्या टूरवर १ जानेवारी २०१० पासून लागू आहेत. रुंदी जास्तीत जास्त ०.०३५ इंच, खोली ०.०२० इंच, आणि कडेची गोलाई किमान ०.०१० इंच. शिवाय खाचेच्या क्षेत्रफळावर मर्यादा आहे आणि फेसच्या खरखरीतपणावरही. बाजारात खाचा 'धारदार' करायची अवजारं मिळतात. ती टूर खेळाडूच्या वेजला लावणं म्हणजे त्याची स्पर्धा धोक्यात घालणं. कड गोलाईच्या मर्यादेखाली गेली की वेज नियमबाह्य. दुसरं टोक म्हणजे फेसवर जास्त वेळ वाळूचा मारा करणं. त्यानं कडा बोथट होतात आणि मिलिंगची (फेस यंत्रावर कोरण्याची) सगळी मेहनत वाया जाते.

जाता जाता: फेस अंतर्गोल करायची कल्पना कुणाला सुचली तर ती जुनीच आहे आणि १९३१ मध्येच तिच्यावर बंदी आली. गोल्फपटू जीन साराझेनने १९३२ ची ब्रिटिश ओपन जिंकली ती सोलमध्ये बदल केलेल्या सँड वेजसह (वाळूतून मारायच्या वेजसह). खेळायला जागा आहे ती सोलमध्येच.

वेज परत आला तर

शॉट मारल्यावर टिकटिक ऐकू येते: बहुधा टिपमधलं (शाफ्टच्या खालच्या टोकातलं) वजन सुटलंय किंवा इपॉक्सी (शाफ्ट चिकटवायचा गोंद) कमी पडलंय. शाफ्ट काढा, टिप आणि होझल आतून नीट खरवडून स्वच्छ करा, नव्याने बसवा आणि पूर्ण एक दिवस वाळू द्या. फेरूल (शाफ्ट आणि होझलच्या सांध्यावरची कडी) वर सरकली: घाईने वेज खेळायला दिला गेला. उजव्या हाताच्या खेळाडूचा बॉल सारखा डावीकडे जातो: लाय जास्त उभा आहे का ते बघा, आणि बघताना तो प्रत्यक्षात जे छोटे शॉट खेळतो तेच खेळायला सांगा, कारण फुल शॉटला हेड वेगळं येतं. बॉलच्या पोटावर कड लागते: बाउन्स जास्त आहे किंवा मागची कड अजून भरीव आहे, तिथून थोडं काढा. रुतत असेल तर काढण्याने भागणार नाही; पुढच्या कडेला गोलाई देऊन बघा, आणि तेवढ्यानंही जमलं नाही तर नवं हेड घ्या.

"बॉल मागच्या महिन्यापर्यंत छान थांबत होता, आता घसरतो" असं खेळाडू म्हणाला, तर ग्राइंडर सुरूच करू नका. भिंग घेऊन फेसच्या मधल्या खालच्या तीन खाचा झिजल्यात का ते बघा.