आशाताईंची कार्यप्रेरणा मोजताना

सार्वजनिक आरोग्याच्या संशोधनात नव्याने येणाऱ्यांनी कार्यप्रेरणेची, म्हणजे काम करण्याच्या मनातल्या ओढीची, तयार प्रश्नावली मिळाली म्हणून लगेच गावाकडे निघू नये, असे मी कळकळीने सांगते. केनियातील जिल्हा रुग्णालयांसाठी २००९ साली प्रसिद्ध झालेली मोजपट्टी २३ विधानांपासून सुरू होऊन छाननीअंती दहा विधानांवर आली. पण ती तिथल्या पगारी कर्मचाऱ्यांसाठी होती, आणि आपली आशाताई, म्हणजे गावातली आरोग्य स्वयंसेविका, पगारी नाही.

पहिल्या चाचणीत मी ‘मोटिव्हेशन’साठी सरळ ‘प्रेरणा’ हा शब्द वापरला होता. एका ताईंनी त्यावर सावित्रीबाईंचे नाव सांगितले, कारण मराठीत प्रेरणा कोणाकडून तरी मिळते. त्या वेळी आशाताईंच्या कामावर देखरेख करणाऱ्या गटप्रवर्तक शेजारीच बसल्या होत्या, आणि ‘मला हे काम सोडावेसे वाटते’ या उलट विधानासह प्रत्येक विधानाला ‘पूर्ण सहमत’ असेच उत्तर आले. गटप्रवर्तक रजिस्टर आणायला उठून गेल्या, तेव्हा आशाताईंनी हळूच विचारले, “मॅडम, हे लिहिल्यावर मागचा मोबदला लवकर येईल का?” तो संपूर्ण फॉर्म मी बाद केला. तेव्हापासून मुलाखत आशाताईंच्या घरी, त्या एकट्या असताना आणि त्यांची कामे उरकल्यावरच घ्यायची, हा माझा नियम आहे.

दवाखान्यात बाळंतपण झाल्यावर आशाताई ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी घरभेट देतात आणि त्या पूर्ण झाल्या की २५० रुपये मिळतात. त्यामुळे नुसत्या भेटी मोजल्या, तर मनातली ओढ आणि मोबदला वेगळे काढता येत नाहीत. म्हणून ‘मी मन लावून काम करते’ असे विधान वाचून दाखवण्याऐवजी, ज्याचा मोबदला नाही असे कोणते काम गेल्या महिन्यात केले, हे मी विचारते. रात्रभर दवाखान्याच्या व्हरांड्यात बसून राहिल्याचे उत्तर अशाच प्रश्नाला मिळते.

विश्लेषणात क्रॉनबॅक अल्फा, म्हणजे विधानांची उत्तरे एकमेकांशी किती जुळतात हे सांगणारा आकडा, ०.७ च्या वर गेला तरी हुरळून जाऊ नका. सरसकट होकार देणाऱ्यांमुळेही तो फुगतो. आधी उलट विधानांची उत्तरे प्रत्येक फॉर्ममध्ये डोळ्यांनी तपासा, आणि ती विसंगत दिसली तर मुलाखतीच्या वेळी खोलीत आणखी कोण होते, याची नोंद काढून पाहा.