पार्कूर शिकताना: आधी उतरणं, मग लोळणं

पार्कूर म्हणजे वाटेतले कठडे, भिंती असे अडथळे पळत, उड्या मारत पार करण्याचा व्यायामप्रकार. पण पार्कूर म्हटलं की पोरं थेट गच्चीच्या कठड्यावर चढतात. पहिला महिनाभर तो कठडा विसरा. अर्ध्या फुटाची एक पायरी पुरते. तिच्यावरून दोन्ही पायांनी खाली उतरा. आधी चवडे टेकवा, मग टाचा हलकेच. गुडघे पायाच्या बोटांच्या रेषेत वाकवा, पण काटकोनापलीकडे नको. फार खाली बसलात तर सगळा जोर गुडघ्याच्या वाटीवर येतो. गुडघे आत वळले तर सांध्याला पीळ बसतो. तपासायला कान पुरतात: 'धप्प' वाजलं म्हणजे टाच आधी टेकली. सलग १० वेळा आवाज न करता जमलं की दीड फूट, मग कमरेइतकं. नडगी दुखली तर दोन दिवस उड्या बंद.

खरी मेहनत रोलला, म्हणजे लोळण्याला लागते. पळत येऊन उडी मारली की पुढे जाणारा वेग नुसत्या पायांत जिरत नाही, तो लोळून जिरवायचा. इथे शाळेतली कोलांटउडी कामाची नाही. ती सरळ पाठीच्या कण्यावरून जाते, फरशीवर एकेक मणका मोजला जातो. पार्कूरचा रोल तिरका असतो. उकिडवे बसा, दोन्ही तळवे पुढे टेकवा, मान डावीकडे वळवून हनुवटी डाव्या खांद्याकडे न्या आणि पायांनी ढकला. उजव्या खांद्यामागच्या फऱ्यावर टेकून पाठीवरून तिरकं जात डाव्या कुल्ल्यावर बाहेर पडायचं. डोकं जमिनीला लागता कामा नये. खांद्याचं टोक आधी टेकलं तर गळपट्टीचं हाड धोक्यात. हात आखडला की हेच होतं.

शिकायला तालमीतल्या कुस्तीच्या मातीच्या हौद्यासारखी जागा नाही. वस्तादांना विचारून, बूट बाहेर काढून उतरा. अंगात पांढरा बनियन घाला. पाच रोल मारा आणि बनियन काढून बघा: तांबड्या मातीचा पट्टा उजव्या फऱ्यापासून डाव्या कमरेपर्यंत तिरका हवा. मधोमध उभा पट्टा उमटला तर मान वळली नव्हती. शेतातली काळी माती मऊ दिसते, पण उन्हाळ्यात तिला भेगा पडतात आणि घोटा त्यातच मुरगळतो. घरात चादरीची घडी अंथरलीत तर ती फरशीवर सरकते. खाली रबरी मॅट हवी.

बाहेर सराव करायचा तर एप्रिल-मेमध्ये सकाळी ७ च्या आत उरका. ऊन चढलं की लोखंडी पाइपाला हात लावता येत नाही, आणि घामेजलेला तळवा निसटतो. शहाबादी फरशीवर धूळ असते, ती आधी झाडा. कठड्यावर बुक्की मारून बघा, पोकळ वाजला तर गिलावा सुटलाय. भुईकोट किल्ल्याच्या तटावर उड्या नकोतच, असे किल्ले बहुतेकदा संरक्षित स्मारकं असतात.

बूट सपाट रबरी तळाचे घ्या. जाड गादीच्या टाचेवर पायाला जमीन कळत नाही.