एसक्यूएलच्या ब्लॉकमधली सिंटॅक्स एरर कशी शोधावी

समजा, नागपूरच्या कळमना मार्केटमधल्या संत्र्याच्या रोजच्या आवकीचं टेबल तुम्ही मायएसक्यूएल या डेटाबेसमध्ये ठेवलंय आणि आंबिया नि मृग या दोन बहारांच्या आवकीची बेरीज काढणारी प्रोसिजर (डेटाबेसमध्येच साठवलेला, नाव दिलेला कोड) लिहिताय. रन केली की १०६४ नंबरची एरर, म्हणजे सिंटॅक्स एरर. नागपुरात प्रोजेक्ट करणारी कॉलेजची मुलं इथे अडली की अख्खा कोड नव्याने लिहायला घेतात. तसं करू नका. बहुतेक वेळा एखादंच चिन्ह हुकलेलं असतं.

आधी एरर पूर्ण वाचा. 'नियर'पुढे अवतरणात जो मजकूर दिसतो, तिथे सर्व्हर अडला. चूक बहुधा त्याच्या लगेच आधी असते. तिथे 'फ्रॉम' दिसलं तर सिलेक्टची यादी तपासा. शेवटच्या कॉलमनंतर जादा स्वल्पविराम पडला असेल.

अवतरणं रिकामी दिसली तर सर्व्हरला वाक्य अर्धवटच पोचलंय. प्रोसिजरमध्ये हे हमखास होतं. पहिल्या ओळीत क्रिएट प्रोसिजर, दुसरीत बिगिन, तिसरीत 'डिक्लेअर एकूण इंट;'. अर्धविराम दिसला की क्लायंट (तुम्ही कोड टाइप करता तो प्रोग्रॅम) वाक्य संपलं असं समजतो आणि तेवढ्या तीनच ओळी पाठवतो. एंड पोचतच नाही. एरर मात्र तिसऱ्या ओळीची येते, जिथे काहीच चुकलेलं नसतं! म्हणून वाक्य संपल्याची खूण बदलायला सुरुवातीला 'डिलिमिटर //' लिहा, शेवटच्या एंडनंतर // द्या आणि खाली 'डिलिमिटर ;' लिहून पूर्ववत करा. मधली स्पेस हवीच. ही कमांड क्लायंटची आहे, सर्व्हरला ती कळत नाही. पायथॉन किंवा पीएचपीतून प्रोसिजर पाठवताना ती ठेवली तर तिच्यामुळेच १०६४ येते. तिथे ती काढून टाका.

तरीही एरर हटत नसेल तर बिगिन आणि एंडमधलं सगळं कॉमेंट करा, म्हणजे सर्व्हर ते सोडून देईल (प्रत्येक ओळीआधी दोन डॅश, त्यानंतर स्पेस द्या) आणि रिकामा ब्लॉक चालवून बघा. चालला की एकेक वाक्य मोकळं करत जा. डिक्लेअर बिगिनला लागूनच हवं. त्याआधी सेट आलं की एरर. इफ बंद करताना 'एंड इफ', दोन वेगळे शब्द.

संत्र्याच्या प्रतवारीसाठी 'रँक' नावाचा कॉलम असेल तर ५.७ व्हर्जनवर चाललेला कोड ८.० वर अडेल, कारण तिथे तो शब्द राखीव झाला. नावाच्या दोन्ही बाजूंना बॅकटिक (`) लावा. आणि कोड वर्डमधून कॉपी केला असेल तर वाकडी अवतरणचिन्हं खोडून कीबोर्डवरून साधी टाइप करा.