मसाई मारा सफारी: कोल्हापुरातून निघताना आणि कॅम्पवर पोचल्यावर

महिना ठरवण्याआधी काय बघायचंय ते ठरवा. वाइल्डबीस्टचे (काळविटाच्या कुळातल्या मोठ्या आफ्रिकी जनावरांचे) कळप वर्षभर पावसामागून फिरत असतात. जानेवारी ते मार्च ते टांझानियात, सेरेंगेटीच्या दक्षिणेकडच्या न्दुतूच्या मैदानावर असतात आणि फेब्रुवारीच्या सुमारास तिथंच वितात. एप्रिल-मे हा तिकडचा मोठा पाऊस. जुलैच्या उत्तरार्धात कळप केनियातल्या मसाई मारात शिरतात आणि ऑक्टोबरपर्यंत तिथंच घुटमळतात. त्यामुळे मुलांच्या मेच्या सुट्टीत मारा नदी ओलांडणारे कळप बघायचा बेत मुळातच फसलेला असतो. नदीसाठी ऑगस्ट-सप्टेंबर. इथं पंचगंगा पात्राबाहेर असते, तेव्हा तिकडं गवत वाळून धूळ उडत असते.

नदीचा हट्ट नसेल, फक्त सिंह, चित्ते, हत्ती हवे असतील, तर जानेवारी-फेब्रुवारीत मारा निवांत मिळतो. प्रवेश शुल्कही जानेवारी ते जून माणशी रोज 100 डॉलर आणि जुलै ते डिसेंबर 200 डॉलर आहे. पॅकेजमध्ये ते धरलंय का, एका गाडीत किती माणसं आणि प्रत्येकाला खिडकी मिळणार का, हे लेखी घ्या. स्वस्त पॅकेजची गोम बहुधा इथंच असते. मारात किमान तीन रात्री हव्यात. नैरोबीहून नारोकमार्गे गाडीनं पाच-सहा तास लागतात, म्हणजे दोन रात्रींतला बराचसा वेळ रस्त्यातच जातो.

पिवळ्या तापाची लस प्रवासाच्या किमान 10 दिवस आधी हवी आणि ती सरकारमान्य केंद्रावरच घ्यावी लागते. आपल्या नेहमीच्या दवाखान्यात मिळणार नाही. लस घेतल्यावर मिळणाऱ्या पिवळ्या कार्डावरचा पासपोर्ट नंबर तिथंच तपासून घ्या. कार्ड नसेल तर परतताना मुंबईत सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात बसावं लागू शकतं. एकदा घेतलेली लस आयुष्यभर चालते. हिवतापाच्या गोळ्या डॉक्टरांना विचारून घ्या आणि परत आल्यावरही सांगितलेले दिवस पुऱ्या करा. केनियाची प्रवास परवानगी 2024 पासून ऑनलाइनच काढायची असते.

आता बॅग. नैरोबीहून छोट्या विमानानं जाणार असाल तर कॅमेरा धरून साधारण 15 किलोच चालतं आणि बॅग मऊ लागते. चाकांची कडक सूटकेस सामानाच्या कप्प्यात बसत नाही. केनियात 2017 पासून प्लास्टिकच्या कॅरीबॅगवर बंदी आहे, म्हणून भडंग आणि कांदा-लसूण मसाला घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात भरा, चपला कापडी पिशवीत. (डबा कॅम्पच्या स्वयंपाकघरात ठेवायला द्या. तंबूत खाण्याचा वास राहिला की माकडं चेन उघडून आत शिरतात.) कपडे खाकी, मातकट किंवा फिका हिरवा. गडद निळा आणि काळा टाळा, त्या रंगांवर त्से-त्से माशी येते आणि तिचा चावा कपड्यातूनही लागतो. मारा समुद्रसपाटीपासून 1500 मीटरच्या वर आहे. पहाटे उघड्या गाडीत कानटोपी आणि जाड जॅकेट लागतं, दहा वाजता दोन्ही काढावं लागतं. तिकडचा प्लग तीन चौकोनी पिनांचा असतो, अडॅप्टर इथूनच न्या.

दुर्बीण 8x42 (आठ पटीची, 42 मिमी भिंगाची) पुरते. 12 पटीची घेऊ नका, हातात थरथरते. पावसाळा सोडून एखाद्या सकाळी दाजीपूरला गव्यांवर ती चालवून बघा: आधी नुसत्या डोळ्यांनी जनावर धरायचं, नजर न हलवता दुर्बीण डोळ्यांवर आणायची. हे जमलं नाही तर सगळे सिंह बघत असताना तुम्ही गवत बघत बसाल. फोटो काढताना लेन्स टेकवायच्या उशीसाठी जुन्या जीन्सचा पाय शिंप्याकडून एका बाजूनं बंद करून, दुसरीकडं चेन लावून घ्या. रिकामा न्यायचा आणि कॅम्पवर दीड-दोन किलो तांदूळ मागून भरायचा. गाडीच्या उघड्या छताच्या कडेवर हा ठेवला की 400 मिमीची लेन्सही स्थिर राहते. फोटो काढताना इंजिन बंद करायला सांगा, नाहीतर गाडीची थरथर फोटोत उतरते. दहानंतर जमिनीवरून ऊन लहरायला लागतं आणि लांबचे फोटो धूसरच येतात. कॅमेऱ्याला दोष देऊ नका.

केनिया आपल्यापेक्षा अडीच तास मागं आहे. पहिले दोन-तीन दिवस पहाटे आपोआप जाग येईल, त्याचा फायदा घ्या आणि साडेसहाच्या उजेडाआधी गाडीत बसा. रस्ता सोडून गाडी घालता येत नाही आणि एका सिंहाभोवती पाचपेक्षा जास्त गाड्या उभ्या करायच्या नाहीत. ड्रायव्हरला 'अजून जवळ घ्या' म्हणू नका, दंड त्याला बसतो.

चित्ता आणि बिबट्या यांत गल्लत होते. चित्त्याचे ठिपके भरीव, डोळ्यांच्या कोपऱ्यापासून तोंडापर्यंत काळी रेघ, छाती खोल आणि कंबर बारीक. बिबट्याचे ठिपके फुलासारखे, मधे पोकळ. कोल्हापूरला चित्ता तसा परका नाही. संस्थानच्या काळात आफ्रिकेतून आणलेले चित्ते इथं काळविटाच्या शिकारीला सोडत. मारात तो बहुधा वाळवीच्या वारुळावर चढून टेहळणी करताना दिसतो. सपाटीवरचं प्रत्येक वारूळ दुर्बिणीनं तपासायची सवय लावा.

रात्री कॅम्पमध्ये रखवालदाराशिवाय तंबूबाहेर पडू नका. पाणघोडे अंधारात चरायला वर येतात. पाणघोडा आणि नदी यांच्या मधे माणूस आला की तो सरळ धावून येतो.

नदीवर जायच्या दिवशी जेवणाचा डबा बांधून मागा आणि दुपारचं परतणं रद्द करा. काठावर कळप साचतो, धूळ उडते, पुढचे पाण्यापर्यंत उतरतात आणि काहीही कारण नसताना माघारी वळतात. हे चार-चार तास चालू शकतं. गाडी काठापासून मागं, कळपाची उतरण्याची वाट मोकळी सोडून उभी हवी. घाईनं काठावर गेलेली एक गाडी अख्खा कळप परत फिरवते. पहिला उतरला म्हणून लगेच पुढं सरकू नका. पंधरा-वीस पाण्यात पडले आणि मागचे ढकलू लागले की ओघ सहसा थांबत नाही, तेव्हाच ड्रायव्हरला इंजिन चालू करू द्या. कॅमेऱ्याचा शटर स्पीड तोवर 1/1600 सेकंदावर लावून ठेवा आणि लेन्स पाण्यावर नको, समोरच्या काठाच्या चढावर रोखा. तिथं ते एकमेकांवर चढत वर येतात आणि चेहरे दिसतात.