सर्जरीच्या रेसिडेंटने स्वतःची केसवही कशी ठेवावी

एम. एस. जनरल सर्जरीच्या तीन वर्षांत रेसिडेंटला (पदव्युत्तर शिकाऊ डॉक्टरला) महाविद्यालयाचे लॉगबुक भरावेच लागते आणि त्यावर मार्गदर्शकांची सही घ्यावी लागते. किती शस्त्रक्रिया पाहिल्या, किती असिस्ट केल्या आणि किती स्वतः केल्या, याचा हिशेब त्यात राहतो. शस्त्रक्रियेतील नेमका कोणता टप्पा आपल्या हातून झाला आणि तो रुग्ण महिनाभराने कसा होता, हे मात्र त्यातून सहसा कळत नाही. त्यासाठी वेगळी, खासगी केसवही ठेवावी.

वही कागदाची असो वा एक्सेलमधील, नोंद त्याच दिवशी व्हावी. रात्रीच्या इमर्जन्सीनंतर निदान तारीख, शस्त्रक्रियेचे नाव आणि दोन ओळी तरी लिहून ठेवाव्यात व उरलेले सकाळच्या राउंडनंतर पूर्ण करावे. आठवड्यातून एकदा ओटी (शस्त्रक्रियागृह) रजिस्टरशी ताळा घेतला की सुटलेल्या केसेस सापडतात.

रुग्णाचे वय, लिंग, निदान, शस्त्रक्रिया आधी ठरवलेली की तातडीची, भुलीचा प्रकार, एएसए श्रेणी (भुलीआधी रुग्णाची एकूण प्रकृती कशी आहे, याची श्रेणी) आणि जखमेचा वर्ग (स्वच्छ, स्वच्छ-दूषित, दूषित की घाण) हे रकाने नेहमीचेच आहेत. आतड्याला छिद्र पडून आलेल्या रुग्णाच्या बाबतीत दुखणे सुरू झाल्यापासून चीर देईपर्यंत किती तास गेले, याचा रकाना अवश्य ठेवावा. नंदुरबार जिल्ह्यातील धडगाव किंवा अक्कलकुव्याकडून निघालेला रुग्ण धुळ्याच्या टेबलावर येईपर्यंत बराच वेळ गेलेला असतो आणि पुढची गुंतागुंत त्या वेळेशीच जोडलेली असते. हर्निया, हायड्रोसील यांसारख्या जुन्या दुखण्यांचा काळ आपल्याकडे ‘आखाजीपासून’ (अक्षय्य तृतीयेपासून) किंवा ‘पोळ्याच्या आधीपासून’ असा सांगितला जातो. तो महिन्यांत मांडूनच लिहावा. नंदुरबार व सातपुड्याच्या भागातील आदिवासी रुग्णांमध्ये सिकलसेलचे (तांबड्या पेशी विळ्याच्या आकाराच्या होणाऱ्या आनुवंशिक रक्तविकाराचे) प्रमाण लक्षणीय असल्याने त्या चाचणीचा निकाल स्वतंत्र रकान्यात असावा. सिकलसेलच्या रुग्णाला भुलीच्या वेळी ऑक्सिजन, पाणी किंवा तापमान कमी पडले तर संकट येऊ शकते, आणि पोटदुखीचे कारण शस्त्रक्रियेचे नसून त्या आजाराचेच असण्याचीही शक्यता असते.

सर्वांत जास्त काळजी ‘माझी भूमिका’ या रकान्यात घ्यावी. केवळ ‘केली’ किंवा ‘असिस्ट’ असे लिहिल्याने काहीच हाती लागत नाही. जांघेतील हर्नियाची जाळी बसवण्याची शस्त्रक्रिया घेतली, तर चीर, कॉर्ड (वृषणाकडे जाणारी दोरी) मोकळी करणे, नसा ओळखून जपणे, हर्नियाची पिशवी सोडवणे, जाळी बसवून टाके घेणे आणि जखम बंद करणे असे टप्पे पाडावेत. प्रत्येकापुढे तो आपण एकट्याने केला, वरिष्ठांच्या सूचनेने केला की वरिष्ठांनी हातात घेतला, हे लिहावे. पिशवीच्या टप्प्यावर वरिष्ठांनी चिमटा आपल्या हातातून स्वतःकडे घेतला असेल, तर ती केस ‘स्वतः केली’ या खात्यात घालू नये. लॉगबुकातील आकडा फुगवण्याचा मोह सगळ्यांनाच होतो. खासगी वहीत तसे करणे तर निरर्थकच. वरिष्ठांनी सांगितलेली एखादी युक्ती, शक्य असल्यास हाताने काढलेल्या आकृतीसह, त्याच ओळीखाली टिपावी.

परिणामाचा रकाना मात्र रिकामा ठेवून त्यापुढे चौकशीची तारीख घालावी. जखमेच्या संसर्गासाठी ३० दिवसांचा काळ धरतात. हर्नियाच्या शस्त्रक्रियेत खोलवरच्या संसर्गासाठी ९० दिवसांचा. गुंतागुंत झाल्यास २००४ मध्ये मांडलेल्या क्लॅव्हियन-डिंडो पद्धतीने श्रेणी द्यावी. तीत गुंतागुंतीवर कोणते उपचार करावे लागले यावर श्रेणी ठरते: पुन्हा शस्त्रक्रिया किंवा तत्सम हस्तक्षेप लागला तर तिसरी, जीवघेणी होऊन अतिदक्षता लागली तर चौथी, मृत्यू झाला तर पाचवी. खानदेशात खरी अडचण फॉलोअपची आहे. नंदुरबारकडची अनेक कुटुंबे दिवाळीनंतर ऊसतोडीसाठी गुजरातेत जातात आणि होळीच्या सुमारास गावी येतात. अशा रुग्णाच्या नोंदीपुढे ‘स्थलांतर’ लिहावे व पुन्हा चौकशीची तारीख होळीनंतरची ठेवावी. संपर्क झालाच नाही, तर ‘माहिती नाही’ असे लिहावे; ‘ठीक’ असे गृहीत धरू नये.

वहीत रुग्णाचे नाव, फोन किंवा गाव लिहू नये. स्वतःचा अनुक्रमांक द्यावा, तालुका पुरेसा आहे. अनुक्रमांक आणि आयपीडी (आंतररुग्ण) क्रमांक जुळवणारी यादी विभागातच, कुलपात ठेवावी आणि फॉलोअपचा फोन तेथील केसपेपरवरूनच लावावा. चेहरा किंवा केसपेपर दिसणारे फोटो मोबाइलमध्ये साठवणे तर टाळावेच. व्हॉट्सॲपवरून ते कोठे जातील याचा भरवसा नसतो.

तिसऱ्या ते पाचव्या (सहामाही) सत्रांपैकी एका सत्रात तीन महिने जिल्हा रुग्णालयात काम करावे लागते. तेथील नोंदींना वेगळी खूण करावी, कारण तेथील साधने आणि केसेस महाविद्यालयापेक्षा निराळ्या असतात व दोन्हींची बेरीज केल्यास चित्र फसवे होते. दर महिन्याच्या शेवटी वही मार्गदर्शकांसमोर उघडावी, कोणत्या टप्प्यापुढे ‘वरिष्ठांनी घेतला’ हे शब्द वारंवार येतात ते दाखवावे आणि पुढील ओटी लिस्टमधील तोच टप्पा स्वतःकडे मागून घ्यावा.